वाचनालयातील इंटरनेट आणि रुग्णाचे गुपित

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगली जिल्ह्यातील एका खेड्यातील चाळिशीच्या एक बाई मानेवरची गाठ दाखविण्यासाठी माझ्याकडे आल्या. गाठ दुखत नव्हती, पण दोन महिन्यांत सुपारीएवढी झाली होती. तुकडा काढून तपासणीला पाठविला. अहवाल ई-मेलवर येणार होता. मुलगा पुण्याला नोकरीस, मालक शेतावर, आणि घरात एकच साधा फोन. म्हणून बाजारच्या दिवशी त्या तालुक्याच्या गावी गेल्या आणि संगणकाची कामे करून देणाऱ्या एका दुकानात मुलाने लिहून दिलेली चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर ई-मेलचा पत्ता होता आणि पासवर्डही होता. दुकानातील पोराने अहवाल उघडला, छापून दिला, दहा रुपये घेतले. बाई उठल्या, संगणकावर त्यांचा ई-मेल मात्र उघडाच राहिला. त्यांच्यामागून त्या खुर्चीवर बसलेला माणूस नेमका त्यांच्याच आळीचा निघाला.

आठ दिवसांत गावभर झाले, की अमकीला टी.बी. आहे. शेजारच्या पोरांचे येणे बंद झाले. हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. वास्तविक बाईंना झाला होता तो गाठींचा क्षय. फुप्फुसे स्वच्छ असतील तर हा क्षय खोकल्यावाटे दुसऱ्याला होत नाही. पण हे आळीला कोण सांगणार? औषध आणायला आरोग्य उपकेंद्रात जायचे म्हणजे सगळ्यांच्या नजरेखालून जायचे. बाईंनी जाणेच सोडले. सहा महिन्यांचे औषध दीड महिन्यातच सुटले. चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा एका गाठीच्या तीन गाठी झाल्या होत्या.

निदान बरोबर होते, औषधही बरोबर होते. उपचार मोडला तो उघड्या राहिलेल्या पडद्यामुळे. म्हणून आज या आरोग्याच्या सदरात संगणक आणि इंटरनेट यांविषयी लिहीत आहे. वाचकांना विषय वेगळा वाटेल, पण रोगी बरा होण्याशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे.

कागद गेला, पडदा आला

पूर्वी रुग्णाची सारी माहिती एका पिवळ्या फाइलीत असे आणि ती फाइल घरच्या ट्रंकेत असे. आता रक्ताचा अहवाल मोबाईलवर येतो. मोठ्या रुग्णालयाची वेळ इंटरनेटवर घ्यावी लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते रुग्णालय आहे, हेही तेथेच पाहावयाचे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. त्याचे कार्डही आधार आणि ओटीपीच्या आधारे निघते. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य अभियानात तर प्रत्येकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळण्याची सोय आहे. त्याला आपले अहवाल जोडता येतात.

सोय चांगली आहे, याविषयी वाद नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतील सामान चिखलात गेले. ज्याची फाइल बुडते त्याला आपण कोणती गोळी किती मिलिग्रॅमची घेत होतो, हेही सांगता येत नाही. अशा वेळी इंटरनेटवर ठेवलेली प्रत हा मोठा आधार असतो.

परंतु ती पाहावयाची कोठे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया देशात शंभरात तेहेतीसच्या आसपास आणि पुरुष सत्तावन्नच्या आसपास आढळले. त्यानंतर हे प्रमाण वाढले असणार. तरीही घरात एकच फोन, तोही मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात, ही स्थिती आपण रोज पाहतो. २०२१ च्या एप्रिलअखेर अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाच्या लसीकरणासाठी इंटरनेटवर नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा ज्यांच्याकडे चांगला फोन नव्हता ते दुसऱ्याच्या दारात उभे होते. तेव्हा प्रश्न लशीचा होता. उद्या तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा असेल, मुलाच्या फिटचा असेल किंवा मूल न होण्याचा असेल. असले प्रश्न शेजाऱ्याच्या फोनवर कोण विचारील?

वाचनालयच का?

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना वाचनालयांची मोठी परंपरा आहे. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सातारा जिल्ह्यातील वाई येथे झाले. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि आज तो कोश इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतो. ४ मे २०१७ रोजी महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे पुस्तकांचे गाव झाले. सांगलीच्या नगर वाचनालयात २०१९ च्या पुराचे पाणी शिरून हजारो ग्रंथांचा लगदा झाला, तेव्हा गावाला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. यात्रा असो वा नसो, एखाद्या खेड्यात संध्याकाळी दिवा लागलेली दोनच ठिकाणे असतात, एक देऊळ आणि दुसरे वाचनालय.

वाचनालयात शिरणाऱ्याला "कशाला आलास?" असे कोणी विचारीत नाही. दवाखान्यात जाताना दिसले की लोक चौकशी करतात. वाचनालयात जाताना दिसले की "वर्तमानपत्र वाचायला चालले असतील" म्हणतात. लाजेने किंवा भीतीने गप्प बसलेल्या रुग्णाला हा आडोसा फार मोलाचा असतो. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याप्रमाणे अ, ब, क, ड अशा वर्गांतील वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांना 'अरिवु केंद्र' असे नाव देऊन तेथे संगणक बसविण्याचे काम झाले. आपल्याकडेही पुष्कळ वाचनालयांत एखादा संगणक आहे, कोठे वाय-फायही आहे. प्रश्न आहे तो त्याच्या सुरक्षिततेचा.

मधला माणूस

या भागाला हा अनुभव नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावोगाव केंद्रे झाली. शेतकऱ्याला आपल्या उसाचे वजन आणि खत यांचा हिशेब तेथे मिळू लागला. पुढे त्यातील बरेचसे काम मोबाईलच्या संदेशांवर करून पाहण्याचाही प्रयोग झाला. त्या केंद्रांत संगणकापुढे बहुधा चालक बसे आणि शेतकरी त्याला विचारी. उसाच्या टनांचा आकडा चालकाला कळला म्हणून फारसे बिघडत नाही. पण एच.आय.व्ही.च्या तपासणीचा आकडा मधल्या माणसाला कळला तर घर मोडते.

सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था सांगलीत वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर एच.आय.व्ही. प्रतिबंधाचे काम करीत आली. रोगापेक्षा बदनामीच्या भीतीने माणसे तपासणीपासून दूर राहतात, हा या रोगाच्या कामातील सगळीकडचा अनुभव आहे. म्हणूनच १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एच.आय.व्ही.विषयक कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास, काही ठरावीक अपवाद सोडता, मनाई केली आहे.

डॉक्टराने रुग्णाचे गुपित राखावे, ही आमच्या व्यवसायातील जुनी शपथ आहे. ग्रंथपालाचेही व्रत तेच आहे. अमेरिकेतील ग्रंथालय संघाने १९३९ सालीच आपल्या आचारसंहितेत लिहून ठेवले, की वाचकाची जी खासगी माहिती ग्रंथपालास कळेल ती त्याने गुप्त राखावी. आपल्याकडचे जुने ग्रंथपालही कोणी कोणते पुस्तक नेले, हे चारचौघांत बोलत नसत. तेच व्रत आता संगणकाच्या टेबलापर्यंत न्यावयाचे आहे.

वाचनालयाने काय करावे?

यासाठी फार मोठा खर्च लागतो, हा गैरसमज आहे. पुढील गोष्टी कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयाला जमण्यासारख्या आहेत.

१. पाटी कोरी झाली पाहिजे. एक वाचक उठला की त्याने पाहिलेली पाने, उतरवून घेतलेले अहवाल आणि उघडे राहिलेले ई-मेल सारे पुसले जावे. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की तो मूळ स्थितीत येईल, अशी व्यवस्था करता येते. संगणक बसविणाऱ्यास ती मागून घ्यावी. वाचकाला नवे प्रोग्रॅम टाकण्याचा अधिकार नसलेले वेगळे खाते द्यावे.

२. जुन्या यंत्रांपासून सावध राहावे. कोणी देणगीदाखल जुना संगणक दिला तर आनंद आहे; पण विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नवी विंडोज न चालणाऱ्या यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून घेता येते. जिची दुरुस्ती थांबली आहे अशी प्रणाली म्हणजे मुदत संपलेले औषध समजावे.

३. दोन नळ वेगळे ठेवावेत. पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या आपण एकत्र जोडत नाही. त्याप्रमाणे वाचनालयाचे सभासद आणि वर्गणी ज्या संगणकावर आहे तो आणि वाचकांचे वाय-फाय ही दोन जाळी वेगळी असावीत. वाय-फायवरील एका फोनला दुसरा फोन दिसू नये, अशीही सोय राउटरमध्ये असते. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. वाचकांसाठी पासवर्ड असलेलेच वाय-फाय ठेवावे आणि त्याचे नेमके नाव फलकावर लिहावे, म्हणजे तसल्याच नावाचे खोटे वाय-फाय कोणी चालविले तर लोक फसणार नाहीत.

४. टेबल आणि पडदा. येणाऱ्या-जाणाऱ्यास पडदा दिसू नये, पण आडबाजूला पूर्ण अंधारी खोलीही करू नये. व्यवसाय म्हणून चालणाऱ्या सायबर कॅफेंसाठी केंद्राने २०११ साली नियम केले, त्यात आडभिंत साडेचार फुटांहून उंच नसावी, असे सांगितले आहे. हे माप वाचनालयालाही चांगले आहे. बसलेल्याचा पडदा झाकला जातो आणि ग्रंथपाल उभा राहिला तर माणूस दिसतो. मुलांना मात्र उघड्या जागी, मोठ्या माणसाच्या देखत बसवावे.

५. नोंदवही कुलपात ठेवावी. त्याच नियमांनी कॅफेवाल्यास ओळखपत्र पाहणे आणि वापराची नोंद एक वर्ष जपणे बंधनकारक आहे. फुकट सेवा देणाऱ्या वाचनालयास यातील काय लागू होते, हे संचालक मंडळाने जिल्हाधिकारी कार्यालयाकडून आधीच लेखी विचारून घ्यावे. कायद्याने जी नोंद ठेवावी लागेल ती एकाच जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी. टेबलावर उघडी वही आणि तिच्यात खोचलेल्या आधारच्या झेरॉक्स प्रती, हे दृश्य दिसता कामा नये.

६. छपाई आणि रद्दी. छापलेला अहवाल यंत्रावर पडून राहू नये. चुकलेली प्रत फाडून बारीक करावी. भेळेच्या पुडीवर एखाद्याच्या लघवीचा अहवाल वाचल्याचे प्रसंग आपण सर्वांनी ऐकले आहेत.

७. रोज सकाळी एक नजर टाकावी. कीबोर्डची वायर संगणकाला जेथे जोडलेली असते तेथे मध्येच बोटाच्या पेराएवढा अनोळखी तुकडा दिसल्यास तो काढून चौकशी करावी. असे तुकडे टंकलेले प्रत्येक अक्षर साठवून ठेवतात. पूररेषेतील वाचनालयांनी यंत्रे आणि वीजजोडण्या उंचावर घ्याव्यात, हे सांगलीच्या अनुभवावरून वेगळे सांगावे लागू नये.

आणखी एक गोष्ट. निरक्षर किंवा वृद्ध वाचकास मदत करावीच लागते. मदतनीसाने पासवर्ड टंकताना तोंड फिरवावे, अहवाल उघडताच बाजूला व्हावे आणि पाहिले ते विसरावे. नर्सला आपण जे शिकवितो तेच येथेही शिकवावयाचे आहे.

वाचकाने काय करावे?

सार्वजनिक संगणकापुढे बसताना चार पथ्ये पाळावीत. "पासवर्ड लक्षात ठेवू का?" असे संगणकाने विचारले तर "नाही" म्हणावे. काम झाल्यावर नुसती खिडकी बंद करून उठू नये; लॉग आउट करावे आणि उतरवून घेतलेला अहवाल पुसून टाकावा. त्या संगणकावर व्हॉट्सअॅप उघडले असेल तर घरी येऊन फोनमधील 'लिंक्ड डिव्हायसेस' पाहावे आणि तेथील जोडणी तोडावी. पैशाचे व्यवहार शक्यतो तेथे करूच नयेत.

पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले तर चांगलेच. वाटेत कोणी मजकूर वाचू शकणार नाही, एवढेच ते सांगते. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, याची खात्री ते देत नाही. गाडीला कुलूप आहे म्हणून ड्रायव्हर सज्जन असतोच असे नाही, तसेच हे आहे. फोनवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचू नये. "आयुष्मान कार्ड काढून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्यावा. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. सर्पदंशात जसा, तसाच येथेही पहिला तास महत्त्वाचा असतो.

काय वाचावे?

सुरक्षित इंटरनेटवर वाचलेले सगळेच खरे असते असे नाही. मधुमेह कायमचा बरा करणारा काढा, कर्करोगावरचा रामबाण मुळीचा अर्क अशा जाहिराती तेथेही ढिगाने असतात. १९५४ च्या कायद्याने या रोगांवर हमखास उपायाची जाहिरात करण्यास बंदी आहे, तरी त्या दिसतात. ज्या पानावर आजाराची माहिती आणि खरेदीचे बटण एकत्र आहे, त्या पानावर विश्वास ठेवू नये. इंग्रजी वाचणाऱ्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे मेडलाइनप्लस हे संकेतस्थळ उपयोगी पडेल. तेही एका ग्रंथालयानेच १९९८ साली सुरू केले. मराठीत वाईचा विश्वकोश शरीराची आणि रोगांची मूळ माहिती समजून घेण्यास उत्तम आहे. मात्र औषधे आणि मात्रा जुन्या लेखावरून ठरवू नयेत. वाचलेले कागदावर टिपून डॉक्टरांपुढे ठेवावे. मन फार खचले असेल तर वाचत बसण्यापेक्षा १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर बोलावे.

वाचनालयांच्या संचालक मंडळांना माझी एक विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत पुस्तकखरेदीच्या विषयानंतर हाही एक विषय घ्यावा. सभासदांनीही आपल्या ग्रंथपालास तीन प्रश्न विचारावेत. मी उठल्यावर संगणकावर माझे काय उरते? माझ्या मागून पडदा कोणाला दिसतो? माझ्या नावाची नोंद कोणाच्या हाती असते? तिन्हींची उत्तरे नीट मिळाली, तर ते वाचनालय आरोग्याचेही काम करीत आहे, असे खुशाल समजावे.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईंनी दुसऱ्या खेपेस औषध पुरे केले. गाठी बसल्या. शेवटच्या तपासणीच्या दिवशी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आता कागद आला तर तो माझ्याच हातात द्या." आता अहवालांची वाट इंटरनेटवरूनच जाते. ती त्यांच्या हातापर्यंत झाकलेली जावी, एवढीच त्यांची मागणी होती आणि ती रास्त होती.